तळ्याकाठची धुणारी

टार्बेल तळं, ९ ऑक्टोबर १९५५

प्रिय डेलिया आत्या,

उत्तराला उशीर झाला म्हणून फुगून बसली असशील. पण आमचं अर्धं सामान अजून खोक्यांत आहे आणि चहाची किटली मला कालपरवा सापडली. हॉलिसला त्याच्याच गावच्या उद्यानाच्या अधीक्षकाची जागा मिळाली, तिच्याबरोबर हे घरही मिळालं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं तळं दिसतं. उन्हाळ्यात इथे पोहायला बॉस्टनहून झुंडी येतात म्हणे. आता मात्र पाचोळा, बदकं आणि गेल्या शतकातल्या त्या लेखकाचे, जोथम वेअरचे भक्त, एवढेच. दर शनिवारी दोन-चार तरी येतातच. त्याच्या झोपडीच्या जागी हॅट काढून उभे राहतात आणि त्याच्या पुस्तकातले उतारे एकमेकांना म्हणून दाखवतात. हॉलिस म्हणतो, त्या माणसाने दोन वर्षं इथे एकांतात काढली, आता शंभर वर्षं त्याला एकांत मिळणार नाही.

हॉलिसने मला तळ्याची गोष्ट सांगितली. फार पूर्वी बर्फाचा डोंगर इथून सरकत गेला. जाताना त्याचा एक तुकडा वाळूत रुतून मागे राहिला आणि सावकाश वितळला. तेच हे पाणी. यात ओढा येत नाही, यातून जातही नाही. आलेलं सगळं इथेच राहतं.

माझी तब्येत बरी आहे. बाळाचं म्हणशील, तर त्यावर आम्ही बोलत नाही. एप्रिलनंतर हॉलिसने तो विषय काढला नाही, मीही नाही. डॉक्टर म्हणाले होते जागा बदला, ती बदलली.

आता जे लिहितेय ते कुणाला सांगू नकोस, तुमच्या वृद्धाश्रमातल्या सिस्टर बेनेडिक्टालाही नाही. सकाळी धुकं असतं तेव्हा समोरच्या काठावर एक बाई कपडे धुताना दिसते. रेल्वेरुळांच्या बाजूला पाणी काठात थोडं आत शिरलं आहे, तिथे. आधी आवाज येतो, ओला कपडा दगडावर आपटल्याचा. मग ती दिसते. करडा स्कर्ट, वर खोचलेला. मी दोनदा काठाने चालत तिथे गेले. कुणी नव्हतं. दगड कोरडा होता. हॉलिसला विचारलं, इथे कपडे धुवायला कुणी येतं का? तो म्हणाला, "आलं तर मला दंड करावा लागेल."

आजोबा या तळ्याचं नाव काढलं की उठून जायचे, असं बाबा एकदा म्हणाले होते. ते का गं? आपल्या लोकांचा इथे काही संबंध होता का?

तुझी,
लोरेटा


लोवेल, १७ ऑक्टोबर १९५५

लोरेटा पोरी,

आधी चांगलं जेवायला लाग. कलेजी खा, बीट खा. तुझा तो यांकी, प्रॉटेस्टंट नवरा उकडलेल्या बटाट्यांवर जगत असेल, तू जगू नकोस. बाळ गेल्यावर बाईच्या अंगात रक्त राहत नाही आणि रक्त नसलं की डोळ्यांना वाटेल ते दिसतं. आमच्या गिरणीत मेमी डोलन होती, तिला मूल गेल्यावर मागाच्या दोऱ्यांत तोंडं दिसायची. मुकादमाने तिला पॅकिंगला घातलं, मग दिसायची थांबली. तूही काही काम धर. रविवारी मिस्सा चुकवतेस की काय? तिथून चर्च लांब आहे ही सबब माझ्यापाशी चालायची नाही.

तुझ्या आजोबांचं म्हणशील, तर ते कशावरूनही उठून जायचे. माझ्या स्वयंपाकावरूनसुद्धा. आपल्या लोकांचा त्या तळ्याशी काही संबंध नाही. आपण लोवेलचे. गिरणीतले.

इथे सगळं तसंच. सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला रोज ओट्सची लापशी खायला घालते आणि वर आम्ही तिचे आभार मानावेत असं तिला वाटतं. माझा गुडघा मेला आहे, बाकीची जिवंत आहे.

डेलिया आत्या

ता. क. ती बाई कुठे तोंड करून असते? पाण्याकडे की टेकडीकडे? सहज विचारतेय.


टार्बेल तळं, २० नोव्हेंबर १९५५

प्रिय आत्या,

तू "सहज" काही विचारतेस यावर पोपसाहेबांनी सांगितलं तरी माझा विश्वास बसणार नाही.

टेकडीकडे. धुताना वाकलेली असते, तेव्हा पाण्याकडे. मग ताठ उभी राहते, वळते आणि टेकडीच्या उताराकडे बघत थांबते. माझ्याकडे पाठ असते, त्यामुळे चेहरा मी कधीच पाहिलेला नाही. हात मात्र असे तोंडापाशी नेते, हाक मारणाऱ्याने न्यावेत तसे. हाक ऐकू येत नाही. आत्या, मला सगळ्यात जास्त त्याची भीती वाटते. कपड्यांचा आवाज पाण्यावरून स्वच्छ येतो आणि हाक येत नाही.

मी त्या उतारावर जाऊन आले. पानं गळली आहेत, आता जमीन दिसते. झुडपांत एक लायलॅकचं झाड आहे, जुनं, वेडंवाकडं. रानात लायलॅक आपणहून उगवत नाही, कुणीतरी लावलेलं असतं. त्याच्याखाली हिरव्यागार मर्टलच्या वेली पसरल्या आहेत. आपल्याकडे कबरींवर लावतात त्याच. आणि त्या वेलींत जमीन थोडी खचलेली आहे. लहान लहान खळगे. मी मोजले नाहीत, मागे वळून घरी आले.

रात्री जेवताना हॉलिसला सांगितलं. तो म्हणाला, "जुन्या खोपटांची तळघरं असतील. रेल्वेचे मजूर राहायचे तिथे." मी म्हटलं, "एवढीशी तळघरं?" त्याने काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "लोरेटा, तू सकाळी खिडकीशी उभी राहायचं बंद कर." रागाने नाही म्हणाला. घाबरून म्हणाला.

आणखी एक. वसंतात तिथेच काम सुरू होणार आहे. पोहणाऱ्यांसाठी किनारा रुंद करायचा, कपडे बदलायच्या खोल्या बांधायच्या. तो अख्खा उतार बुलडोझरने सपाट करून माती पाण्यात लोटायची. नकाशे आमच्या जेवणाच्या टेबलावर पडले आहेत. हॉलिसनेच त्यावर देखरेख करायची आहे.

जोथम वेअरचं पुस्तकही मी वाचायला घेतलं. पक्ष्यांवर पानंच्या पानं आहेत. एका ठिकाणी तो लिहितो की सकाळची शांतता भंगते ती फक्त रुळांपलीकडच्या आयरिश बाईच्या धुण्याने. बस, एक ओळ. तिचं नाव नाही.

आत्या, तुला माहीत आहे. लिही.

तुझी,
लोरेटा


लोवेल, ८ जानेवारी १९५६

लोरेटा,

तुझं पत्र नाताळभर माझ्या उशीखाली होतं. तीन वेळा उत्तर लिहायला बसले आणि तीनदा कागद शेगडीत घातला. सिस्टर बेनेडिक्टाला वाटलं मी प्रेमपत्रं लिहितेय.

तिचं नाव सबीना. सबीना गिलफॉइल. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी. नवरा रुळांच्या भरावावर माती टाकायचा, ती गावातल्या लोकांचे कपडे धुवायची. त्या लेखकाचेसुद्धा. एकांतात राहणाऱ्यांचेही सदरे मळतात.

तिला तीन मुलं होती. नवऱ्याबरोबर ती आयर्लंडहून आली होती. एका शरद ऋतूत खोपटांमध्ये जुलाबांची साथ आली आणि आठवड्याच्या आत तिन्ही गेली. गावच्या दफनभूमीत आपल्या आयरिश कॅथलिक लोकांना जागा नव्हती. लोवेलच्या फादरांकडे न्यावं तर साथीच्या भीतीने कुणी गाडी देईना. म्हणून नवऱ्याने त्या उतारावर स्वतः खड्डे खणले. रुळांचीच फावडी होती हातात. हिवाळ्याआधी रूळ पुढे गेले, रेल्वेवाल्यांनी खोपटं मोडली आणि सगळ्यांना पुढे हाकललं. ती जायला तयार नव्हती. नवऱ्याने तिला उचलून गाडीत घातलं. माझा बाप त्यानंतर दोन वर्षांनी जन्मला.

लोवेलला आल्यावरही ती दरवर्षी पायी तिथे जायची. म्हातारपणी एकटीला जमेना, तेव्हा एकदा मला सोबत नेलं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मला वाटलं तळ्यावर खेळायला चाललोय. पाणी आत शिरलंय त्या काठावर ती उभी राहिली, टेकडीकडे तोंड करून, आणि हाका मारायला लागली. आपल्या जुन्या भाषेत. संध्याकाळी आई पोरांना जेवायला बोलावते ना, अगदी तशा. रडत नव्हती, पोरी. थोडी चिडलेली होती. पोरं ऐकत नाहीत म्हणून आया चिडतात तशी. मी तिच्या स्कर्टला धरून भोकाड पसरलं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. माझ्या बापाने आयुष्यात एकदाच माझ्या थोबाडीत मारली. म्हणाला, "आपण मातीच्या भोकातून आलेले लोक नाही." त्याच्या घराला तेव्हा लेसचे पडदे होते, आम्ही आता प्रतिष्ठित झालो हे लोकांना दिसावं म्हणून. त्या दिवसापासून या विषयाला आमच्या घरात कुलूप. आजी गेली तेव्हा कबरीच्या दगडावर मुलगा म्हणून त्याचं एकट्याचं नाव घातलं.

मुलांची नावं मला तिच्या हाकांमधून आठवतात. मॉरटिन. उना. तिसऱ्याचं नाव मी विसरले. खूप प्रयत्न केला.

आता तुला कळलं. आता खिडकीपासून लांब राहा. ती तिच्या पोरांना बोलावतेय, तुला नाही.

डेलिया आत्या


टार्बेल तळं, ५ फेब्रुवारी १९५६

प्रिय आत्या,

तुझं पत्र हॉलिसला वाचून दाखवलं. त्याने वरच्या कचेरीला कळवलं. तिथून उत्तर आलं की अशा कबरींची कुठेही नोंद नाही आणि घरगुती आठवणींवरून सरकारी काम थांबवता येत नाही. हरकत असेल तर मार्चअखेर गावच्या सभागृहात सुनावणी आहे, तिथे साक्षीदार आणावा.

साक्षीदार जगात एकच आहे आणि तिचा गुडघा मेलेला आहे.

"यांकी लोकांसमोर उभी राहून माझी आजी धोबीण होती असं सांगू का?" असं तू म्हणणार, मला इथे ऐकू येतंय. हो, तेच सांगायचं. तुझ्या बापाने पडदे लावले ते लावले, तूही त्यांच्यामागेच मरणार आहेस का?

खिडकीपासून लांब राहणं मला जमत नाही. ती मला बोलावत नाही हे मलाही कळतं. पण तिला निदान कुठे बघून हाक मारायची ते माहीत आहे. माझं बाळ दवाखान्यातून कुठे नेलं हे मला कुणी सांगितलंच नाही. बाप्तिस्मा झालेला नव्हता म्हणून आपल्या दफनभूमीत घेता येत नाही, एवढं फादर म्हणाले. मी शुद्धीवर आले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मी कुठे तोंड करू, आत्या?

लोरेटा


टार्बेल तळं, ११ मार्च १९५६

आदरणीय मिस गिलफॉइल,

तुम्ही मला लग्नात एकदाच पाहिलंत आणि तेव्हाही मी तुम्हाला फारसा पसंत पडलो नव्हतो. तरी लिहितो आहे. हे पत्र लोरेटाला माहीत नाही.

तिच्या शेवटच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. ती रोज टपालाची पेटी बघते. गेल्या मंगळवारी पहाटे मी उठलो तर दार सताड उघडं. ती गोठलेल्या तळ्याच्या बर्फावर होती. मार्चमधला बर्फ वरून पांढरा दिसतो, आतून पोखरलेला असतो. मी बर्फावर धोक्याच्या पाट्या लावतो, तिला हे माझ्याइतकंच माहीत आहे. ती काठापासून बरीच आत गेली होती, समोरच्या बाजूला तोंड करून. मी ओरडलो नाही, दचकेल म्हणून. शिडी आडवी टाकून पोटावर सरपटत गेलो आणि तिचा घोटा धरला. ती म्हणाली, "हॉलिस, मला फक्त जवळून ऐकायचं होतं." परत येताना माझा एक पाय आत गेला. ती मात्र कोरडी बाहेर आली.

आता दोन गोष्टी सांगतो, ज्या मी तिला सांगितलेल्या नाहीत.

पहिली. शिडीवर पडलेलो असताना मलाही तो आवाज आला. ओला कपडा, दगडावर. मी बर्फ तडकला असं मनाला समजावलं. मला बर्फाचा आवाज ओळखता येतो. तो बर्फ नव्हता.

दुसरी. बाळ कुठे आहे ते मला माहीत आहे. मी गेल्या मे महिन्यात दवाखान्यात जाऊन विचारलं. मागच्या बाजूला कुंपणाआड गवताचा तुकडा आहे, तिथे सगळ्यांना एकत्र ठेवतात. खूण नाही, दगड नाही. तिथला माणूस म्हणाला, बायकांना सांगू नये, न सांगितलं की लवकर विसरतात. मी ते खरं मानलं. आता मानत नाही, पण एवढ्या उशिरा सांगायचं कसं ते मला समजत नाही.

तुम्ही या. निदान तिला लिहा.

आपला,
हॉलिस थेअर


लोवेल, १४ मार्च १९५६

हॉलिस,

तू मला पसंत पडला नव्हतास हे खरं आहे. लग्नात तू केक खाताना एक शब्द बोलला नाहीस. आता पोटावर सरपटत गेलास हे वाचलं, ते केकचं मी सोडून दिलं.

ऐक. सांग तिला. आमच्या घरात न सांगण्याचा धंदा तीन पिढ्या चालला. न सांगितल्याने कुणी काही विसरलं नाही. माझी आजी विसरली नाही, मी नऊ वर्षांची होते, मीही विसरले नाही. माझ्या बापाला तर मरताना तळ्याचं पाणी दिसत होतं, आणि तो तिथे कधी गेलासुद्धा नव्हता. नीट शब्द सापडायची वाट बघू नकोस, ते सापडत नाहीत.

सुनावणीला मी येते. स्टेशनवर गाडी घेऊन ये आणि बसताना मला उचलावं लागेल याची तयारी ठेव. काळ्या हॅटवर सिस्टर बेनेडिक्टा इस्त्री फिरवतेय.

डेलिया गिलफॉइल


टार्बेल तळं, १० जून १९५६

प्रिय आत्या,

सुनावणीनंतर तू लगेच गाडीत बसलीस, आपलं धड बोलणं झालंच नाही. तू म्हणालीस, "मी अडखळले, सगळं वाटोळं केलं." तू काठीच्या मुठीकडे बघत बोलत होतीस, म्हणून तुला समोरचं काही दिसलं नाही. मी सांगते.

तू "माझी आजी लोकांचे कपडे धुवायची" म्हणालीस, तेव्हा मागच्या बाकावरचं कुणीतरी खुसखुसलं. मग तू नावं घेतलीस. मॉरटिन, उना, आणि तिसऱ्यापाशी थांबलीस. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. वेअरच्या भक्तमंडळाचे ते चष्मेवाले गृहस्थ सौम्यपणे म्हणाले, "बाई, जोथम वेअर त्या वर्षी तिथेच राहत होते. त्यांच्या लिखाणात कबरींचा उल्लेख नाही." तू खाली बसलीस. मला वाटलं, संपलं.

तेव्हा हॉलिस उठला. माझा हॉलिस, लग्नात केक खाताना बोलला नाही म्हणून तू नेहमी ज्याला नावं ठेवतेस तो. म्हणाला, "या कामावर देखरेख मी करणार आहे. मी ती करणार नाही. मी त्या उताराजवळ ऐकू नये असं काही ऐकलं आहे. मला हसायचं तर हसा, नोकरी काढून घ्यायची तर घ्या. पण आधी एक दिवस हातफावड्याने खणून बघा." कुणी हसलं नाही, आत्या. ते लोक त्याला लहानपणापासून ओळखतात. त्याने आयुष्यात एकही गोष्ट रंगवून सांगितलेली नाही.

त्यांनी मेमध्ये खणलं. मी तिथे होते. हाडं नव्हती, इथली वाळू काही ठेवत नाही. पण लायलॅकखाली, पिवळ्या वाळूत, गडद मातीच्या तीन आकृती होत्या. दोन लांबट, शेजारी शेजारी. तिसरी माझ्या हाताएवढ्या लांबीची. ज्याचं नाव तुला आठवत नाही ते तान्हं होतं, आत्या. त्याला हाक मारायची वेळ फारशी आली नसेल. फावडेवाल्याने टोपी काढली आणि सगळं परत झाकलं. किनारा आता पूर्वेकडे नेणार आहेत. उताराला साधं लाकडी कुंपण घातलंय. नोकरी राहिली. वरच्यांनी हॉलिसला एक खरमरीत पत्र मात्र पाठवलं, ते त्याने कोळसे पेटवायला घेतलं.

ती गेली असेल असं तुला वाटत असेल. गेली नाही. काल पहाटे धुकं होतं, ती होती. मला वाटतं ती जाणारही नाही. तिची पोरं तिथे आहेत, ती कुठे जाईल? मी खिडकीतून बघते आणि मग न्याहारीच्या तयारीला लागते.

हॉलिसने मला सांगितलं. तू त्याला काय लिहिलंस ते त्याने दाखवलं नाही, पण तुझ्या पत्रानंतर तो कामावरून आला, बूटही न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलून गेला. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "मला ने."

तो तुकडा दवाखान्याच्या धोबीखान्यामागे आहे. वाफेचा वास येतो. गवत छान कापलेलं, एवढंच. मी मनात ठरवून गेले होते की पाय ठेवताच मला कळेल, इथे किंवा तिथे. काही कळलं नाही. नुसतं गवत. मी उभी राहिले आणि कुठे बघू ते समजेना. हॉलिस गाडीपाशीच थांबला होता.

तेवढ्यात दिसलं, कुंपणाच्या पलीकडच्या टोकाला एक बाई उभी होती. करडा कोट, पाठ माझ्याकडे. आत्या, मला वाटलं ती इथेही आली. मग ती वळली. तोंडाला पावडर लावलेली, हातात पर्स, पन्नाशीची कुणी बाई, बसने आलेली. नाक लाल झालं होतं. तिने मला आपादमस्तक पाहिलं आणि गवत तुडवत माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

मग तिने विचारलं, "मुलगा होता की मुलगी?"

वर्ष होऊन गेलं. डॉक्टरांनी, फादरांनी, हॉलिसने, तूसुद्धा, मला हे कुणीच विचारलं नव्हतं.

"मुलगी," मी म्हटलं.

तुझी,
लोरेटा